मधल्या दश्शीसाठी किती मोजायचं?

पत्र थोडक्यात असं आहे. वाचक सोलापूरचे, वय ३४, टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेब बघतात. घरी पत्नी आणि लहान मुलगी. गेले सात महिने दर शनिवारी रात्री जुळे सोलापुरात एका मित्राच्या गच्चीवर सहा-सात जणांचा पोकरचा डाव बसतो. ब्लाइंड (पानं बघण्याआधीच दोघांनी घालायचे पैसे) ५-१० रुपयांचे, ५०० रुपयांच्या चिप्स घेऊन सुरुवात. यांची अडचण अशी की सिक्वेन्सला मधलं एकच पान कमी असलं की यांच्याने पानं टाकवत नाहीत. एका रात्रीत असं चार-पाच वेळा तरी होतं. नेटवर वाचलं की उपयोगाची पानं गुणिले चार, म्हणजे यांच्या चार पानांचे १६ टक्के. पॉट (मधे जमलेले पैसे) मोठा असतो, कॉल (समोरच्याने लावले तेवढेच आपण घालणं) शंभराचा असतो, मग सोडायचं का? ऑगस्टमध्ये असंच पान अगदी शेवटी लागलं आणि १,८४० रुपयांचा पॉट आला. पण त्यांच्याच वहीप्रमाणे २८ शनिवारांत ९,६०० रुपये गेलेत. पानं टाकायला गेलं की मित्र म्हणतात, ‘एवढ्याला भ्यायलास का बे?’ घरखर्चाच्या वहीत हे पैसे ‘पेट्रोल’ म्हणून लिहिले जातात. त्यांचे प्रश्न तीन: लांबच्या पानामागे नेमकं केव्हा जायचं? हात बसावा म्हणून मोबाइलवर पैसे लावून खेळावं का? आणि गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेतल्या, शनिवारी २,००० रुपयांचा मोठा डाव ठरलाय, त्याला बसू का?

नमस्कार.

तुमचं पत्र हिशेब ठेवणाऱ्या माणसाचं आहे हे पहिल्या चार ओळींतच कळतं. किती शनिवार, किती गेले, कुठल्या डावात कुठली पानं होती, सगळं लिहिलंय. म्हणून मीही आधी आकडेच घेते, बाकीचं त्यानंतर.

पोकर न खेळणाऱ्या वाचकांसाठी एवढंच सांगते की प्रत्येकाच्या हातात दोन पानं असतात आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांची मिळून उघडी होतात. आधी तीन, तो फ्लॉप. मग एक, तो टर्न. मग शेवटचं, ते रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लागतात, आणि सातांतल्या सर्वांत चांगल्या पाच पानांवर डाव ठरतो. अपुरा डाव हातात धरून पुढच्या पानाची वाट बघायची की टाकायचं, हा या खेळात सारखा पडणारा प्रश्न आहे.

तुमच्या त्या १६ टक्क्यांतच पहिली गफलत आहे. उपयोगाची पानं गुणिले चार हा ठोकताळा खरा आहे, पण तो दोन पानांचा आहे. टर्न आणि रिव्हर अशी दोन्ही पानं मिळून मधलं पान लागण्याची शक्यता साधारण साडेसोळा टक्के येते. तुम्ही शंभर रुपये मोजता ते मात्र एकाच पानाचे. टर्नला पान लागलं नाही की समोरचा पुन्हा बेट करणार आणि दुसऱ्या पानाचे पैसे वेगळे मागणार. एका पानासाठी गुणाकार दोनाने करायचा. तुम्हाला दिसलेली पानं पाच, न दिसलेली ४७, त्यांत कामाची चार, म्हणजे साडेआठ टक्के. साधारण बारांत एकदा. चाराने गुणायचं ते फक्त ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत, झालेलं असेल आणि यापुढे एक रुपयाही द्यायचा नसेल तेव्हा. तुम्ही दुप्पट शक्यता धरून अर्ध्या मालाला पूर्ण भाव देत आलात. कारखान्यात सुताच्या बिलात अशी चूक तुम्ही एक दिवस चालू दिली नसती.

आता तुम्ही लिहून पाठवलेला डाव. हातात बदाम नव्वी आणि चौकट अठ्ठी. पाच जणांनी ३०-३० घातले, पॉट १५०. फ्लॉपला किलवर गुलाम, किलवर सत्ती, इस्पिक दुर्री. सत्ती, अठ्ठी, नव्वी, गुलाम जमलेत, मधे दश्शी हवी. एकाने १०० ची बेट केली, दुसऱ्याने कॉल केला, पॉट ३५०. तुमच्यापुढे प्रश्न १०० चा. तुम्ही लिहिलंय, ‘१०० देऊन ३५० मिळणार होते, भाव चांगला वाटला.’

हाच कॉल ४७ वेळा केला असं धरू, प्रत्येक वेळी न दिसलेलं वेगळं पान उलटलं. चार वेळा दश्शी येईल, ३५० प्रमाणे १,४०० मिळतील. त्रेचाळीस वेळा येणार नाही, ४,३०० जातील. तूट २,९००. एका कॉलमागे सुमारे ६२ रुपये. म्हणजे शंभराची चिप पुढे सरकवता त्यातले ६२ रुपये तिथेच खर्ची पडतात, दश्शी आली तरी आणि नाही आली तरी. रात्रीतून असे चार-पाच कॉल धरले तर अडीचशे-तीनशे होतात. तुमचे ९,६०० भागिले २८ केले तर शनिवारी ३४० च्या आसपास येतात. तूट कुठून होतेय ते इथे दिसतंय.

पुढे टर्नला चौकट राणी आली. पहिल्याने २०० ची बेट केली, दुसऱ्याने पानं टाकली, आणि तुम्ही ६५० च्या पॉटकडे बघून २०० दिले. रिव्हरला चौकी आली. एका दश्शीपायी ३०, १०० आणि २०० मिळून ३३० रुपये. पण त्या राणीने आणखी एक गोष्ट केली, ती तुमच्या नजरेतून सुटली. राणीच्या जागी दश्शी आली असती तर तुमची सिक्वेन्स त्या टेबलावर सगळ्यांत मोठी होती. राणी आल्यावर दश्शी लागली असती तरी हातात एक्का-राजा असलेल्याची सिक्वेन्स तुमच्यावर गेली असती. म्हणजे मालाची किंमत उतरली आणि त्याच वेळी भाव दुप्पट झाला.

आणि त्या चार दश्श्यांतही एक किलवरची होती. टेबलावर दोन किलवर आधीच. किलवर दश्शी आली तर तुमची सिक्वेन्स होते, पण ज्याच्या हातात दोन किलवर आहेत त्याचा कलर (एकाच रंगाची पाच पानं) होतो, आणि कलर सिक्वेन्सला मारतो. सहा जणांच्या गच्चीवरच्या डावात, जिथे कुणी फारसं टाकतच नाही, तिथे कुणीतरी दोन किलवर घेऊन बसलेला असण्याची शक्यता मला तरी पुष्कळ वाटते. म्हणून पानं मोजताना आधी ही मळलेली पानं बाजूला काढायची. चारांतलं एक गेलं की तीन उरली, साडेआठ टक्क्यांचे साडेसहाच झाले. लहान पानांचा कलर धरून बसणाऱ्यांना आणि सिक्वेन्सच्या खालच्या टोकाला लटकणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. हातात छक्की-पंजी, टेबलावर अठ्ठी-नव्वी, सत्ती आली म्हणून तुम्ही खूश, आणि समोर गुलाम-दश्शीवाला तुमच्याहून खूश. एका डावात पान न लागून जातात त्यापेक्षा जास्त पैसे असं पान लागून जातात.

मग मधल्या पानामागे कधीच जायचं नाही का? जायचं, पण त्याचा हिशेब आजच्या पॉटवर संपत नाही. पान लागल्यावर पुढे किती मिळतील हे त्यात धरावं लागतं. नियम साधा आहे: जेवढे द्यायचेत त्याच्या अकरापट रक्कम नजरेला दिसली पाहिजे, आत्ताचा पॉट आणि पान लागल्यावर समोरून खरोखर निघणारे पैसे धरून. तुमच्या डावात १०० साठी साधारण १,०७५ हवे होते. पॉट ३५० होता. उरलेले ७२५ समोरच्या दोघांकडून पुढच्या दोन पानांत निघायला हवे होते. आता डोळ्यांपुढे त्यांच्या चिप्स आणा. ५०० घेऊन बसलेला माणूस रात्री अकरा वाजता २८० वर आलेला असेल, तर ७२५ येणार कुठून? त्याच्याकडे नाहीतच.

उलट चित्र असं. समोरच्याकडे १,५०० चा ढीग आहे. एक्क्याची जोडी मिळाली की तो काही केल्या टाकत नाही, हे तुम्ही सात महिने बघताय. त्याने पॉटमध्ये २० ची छोटी बेट केली, मधे तिघांनी कॉल केला आणि तुमची पाळी सगळ्यांत शेवटी आहे, मागे रेज करणारं, म्हणजे बेट वाढवणारं, कुणी नाही. तिथे २० रुपयांना मधलं पान बघा, खुशाल बघा. २० ला २२० च्या आसपास लागतात, ते तर टेबलावर आणि त्या ढिगात मिळून सहज आहेत. आणि कुणी बेटच केली नाही, सगळे चेक करत (पैसे न लावता पाळी पुढे देत) आले, तर पान फुकट मिळतंय. ते नाकारायचं कारण नाही. शेवटची पाळी म्हणूनच मोलाची. मधे बसून तुम्ही १०० कॉल केले आणि मागच्याने ३०० रेज केलं तर तुमचे १०० पान न बघताच गेले.

कलरची वाट ही वेगळी गोष्ट, तिला लांबची म्हणू नका. चार एका रंगाची झाली की उरलेली नऊ पानं कामाची, एका पानाला १९ टक्के. तिथे चौपटीच्या थोडं वर मिळालं की पुरतं: ५० द्यायचेत आणि पॉट २५० आहे, तर द्या. सिक्वेन्सची दोन्ही टोकं उघडी असतील तर आठ पानं, १७ टक्के, पाचपटीला जायला हरकत नाही. आणि कलरची वाट व मधलं पान दोन्ही एकाच हातात आली तर बारा पानं होतात, दोन्ही पानं मिळून ४५ टक्के. असा हात धरून घाबरणारेही मी पाहिलेत, तेही नुकसानच करून घेतात. पण फ्लॉपला एका रंगाची फक्त तीन पानं आहेत आणि पुढची दोन्ही त्याच रंगाची येतील, ही आशा चार टक्क्यांची आहे. तिच्यावर पैसे लावू नका.

आता तो ऑगस्टचा डाव. मला वाटतं तुमच्या मनात सगळं तिथेच अडकलंय.

माझे मामा मंगळवेढा तालुक्यातले. २०१६ च्या उन्हाळ्यात त्यांनी बोअर मारायला घेतला. पाणाड्याने जागा दाखवली, तीनशेला पाणी लागेल म्हणाला. मी तेव्हा तिथे होते. गाडीचा आवाज असा की बोललेलं ऐकू येत नव्हतं, पांढरी भुकटी उडून लिंबाच्या झाडाची पानं चुना फासल्यासारखी झाली होती. एकेक रॉड खाली गेला की मामा बोट दुमडायचे. मधूनच पुढे होऊन भुकटी मुठीत दाबून बघायचे, ओल लागते का. तीनशे झालं, कोरडं. ‘आता एवढं झालंच आहे, अजून पन्नास.’ साडेतीनशे झालं. ‘अजून पन्नास.’ खाली जाल तसा फुटाचा दर वाढतो, हे गाडीवाल्याने आधीच सांगितलं होतं, पण त्या क्षणी ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. चारशेला मामी बाहेर आल्या. गाडीवाल्याला दोनच गोष्टी विचारल्या: पुढच्या पन्नास फुटाचे किती, आणि तिथे पाणी आहे हे कशावरून. पहिल्याचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं मिळालं नाही. मामींनी गाडी काढायला सांगितली. वर गेलेल्या चारशे फुटांचा शब्दही त्यांनी काढला नाही.

दोन वर्षांनी बांधापलीकडच्या शेतात सव्वापाचशेला पाणी लागलं. मामांना त्यावरून पुष्कळ ऐकावं लागलं. अजूनही कुणीतरी काढतं. पण चारशेला उभं राहून, हातात कोरडी भुकटी आणि ट्रंकेत बियाण्याचे तेवढेच पैसे असताना मामींनी ठरवलं ते बरोबर होतं, आणि शेजारच्या पाण्याने ते चूक ठरत नाही.

तुमचं ऑगस्टमध्ये नेमकं उलट झालं. चुकीचा कॉल केलात आणि पाणी लागलं. १,८४० आले, चांगलंच झालं, पण त्या पैशांनी तो कॉल बरोबर ठरला नाही. तेव्हापासून प्रत्येक मधल्या पानाला तुम्हाला तो डाव आठवतो. न लागलेले शंभर डाव आठवत नाहीत, कारण त्यांत आठवण्यासारखं काही घडलंच नाही. आणि ‘मागच्या दहा वेळा आलं नाही, आता यायला हवं’ असंही तुम्ही लिहिलंय. पानं पिसली की त्यांना मागचं काही माहीत नसतं. मधलं पान ओळीने दहा वेळा न लागण्याची शक्यता ४१ टक्के आहे. म्हणजे यात नवल असं काहीच नाही, ते घडतच असतं.

यावर वाचून विश्वास बसत नाही, हात लावून बसतो. रविवारी दुपारी घरचा कॅट काढा. तुमच्या त्या डावातली पाच पानं बाजूला ठेवा, उरलेली ४७ नीट पिसा, वरचं एक पान उलटा. दश्शी आली का? वहीत रेघ मारा. पान परत घाला, पुन्हा पिसा. शंभर वेळा करा, दीडेक तास जाईल. आठ-नऊ रेघा होतील, कदाचित पाच, कदाचित तेरा. पण ओळीने वीस-पंचवीस वेळा भलतंच पान उलटल्यावर मनगटाला जो कंटाळा येईल, तो शनिवारी रात्री शंभराची चिप उचलताना आठवेल. मुलगी शेजारी बसली तर रेघा मारायचं काम तिला द्या.

‘पॉटमध्ये माझे एवढे गेलेत’ हे वाक्य तुमच्या पत्रात तीनदा आलंय. पॉट मोठा असणं हिशेबात येतं, कारण तो मिळणार आहे. त्यातले तुमचे किती, हे येत नाही. ते ३० रुपये तुमच्या हातातून सुटले तेव्हाच टेबलाचे झाले. मामींसारखं पुढच्या पन्नास फुटाचं विचारा.

मित्रांच्या बोलण्याबद्दल मला मनापासून काही सांगायचंय. ‘एवढ्याला भ्यायलास का बे’ हे प्रेमाने म्हणत असतील, पण जरा बघा, असं म्हणणाऱ्याकडे त्या वेळी बहुधा चांगली पानं असतात. तुमचा कॉल हा त्याचा नफा आहे. आणि हे भय नाहीच. तुमच्या आणखी एका गैरसमजाचं मूळही इथेच आहे. टीव्हीवर किंवा मोबाइलवर मोठे खेळाडू अपुऱ्या डावावर मोठी बेट मारताना दिसतात, म्हणून आपणही मारावी असं वाटतं. त्यांच्या बेटेला दोन वाटा असतात: एक तर पान लागतं, नाहीतर समोरचा घाबरून टाकतो. ५-१० च्या टेबलावर दुसरी वाट बंद आहे. तिथे लोक पानं बघायला आलेले असतात, वीस-पन्नासला कुणी टाकत नाही. म्हणून अशा टेबलावर अपुऱ्या डावाने कुणाला हुसकावायला जाऊ नका. स्वस्तात बघा, लागलं की मोठी बेट करा, तीही ते कॉल करतील. छोट्या टेबलावर पैसे मिळतात ते इथे, धीर धरणाऱ्याला.

शिवाय ‘एवढ्याला’ म्हणजे किती, ते तुमचं तुम्ही ठरवायचं. ३४० रुपये शनिवारी म्हणजे वर्षाचे साडेसतरा हजार. एखाद्याला त्याचं काही वाटणार नाही. तुम्हाला वाटतं, म्हणून तर पत्र लिहिलंत.

मला अधिक काळजी वहीतल्या ‘पेट्रोल’ची वाटते. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, मी तिथे थांबले. पत्नी अजून काही बोललेल्या नाहीत, असं म्हणता. त्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. गाडी किती चालते हे घरातल्या माणसाला कळतं. मित्रांबरोबर शनिवारी बसणं, गच्चीवरचा वारा, शेंगा चटणी आणि भाकरी, मधेच कुणाचातरी मोठा हात फुटणं, यात लपवण्यासारखं काय आहे? लपवावं लागतं ते बहुतेक त्या चार-पाच कॉलमुळे, जे तुम्हाला स्वतःलाच पटत नाहीत. महिन्याला जमेल ती एक रक्कम ठरवा, समजा ८००. पत्नींना सांगून ठरवा आणि वहीत ‘पोकर’ असं लिहा. त्यातला एक कॉल, तीसच्या आतला, दर शनिवारी हौसेचा म्हणून ठेवा. मधलं पान उलटताना छातीत जी धडधड होते ती तुम्हाला आवडते, त्यात गैर काही नाही. तिचे पैसे मोजा, पण माहीत असून मोजा आणि एकदाच मोजा.

हे जमलं नाही, ठरवलेली रक्कम दोन-तीनदा मोडली, कुणाकडून उसने घ्यावे लागले, गेलेले भरून काढायला बुधवारीही डाव शोधावासा वाटला, तर प्रश्न टक्केवारीचा राहिलेला नाही असं समजा. तेव्हा खेळणं थांबवून कुणाशी तरी बोला. सरकारची टेली-मानस ही मोफत मदतवाहिनी आहे, १४४१६ वर फोन केला तर मराठीत बोलता येतं. हे तुमच्यासाठी जेवढं, तेवढंच पत्र न लिहिलेल्या वाचकांसाठीही लिहिते आहे.

मोबाइलवर पैसे लावून सराव करू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्याने पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग तो खेळ कौशल्याचा म्हणा की नशिबाचा. त्यानंतरही कुणी लिंक पाठवत असेल तर तिथे गेलेला पैसा परत मिळेल याची खात्री नाही. खोट्या चिप्सवर खेळून पानं मोजायची सवय होते, ती पुरेशी आहे. गच्चीवरच्या डावाचंही एक सांगते. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे. दर पॉटमधून घरमालकासाठी दहा-वीस रुपये काढायची टूम निघाली असेल तर ती आजच बंद करा. जागा देऊन कमाई करणं हा त्या कायद्यात गुन्हा ठरतो, आणि तुमचं अकरापटीचं गणितही त्याने आणखी बिघडतं. चहा-भाकरीचे पैसे वेगळे वाटून घ्या. तसं पाहिलं तर तुम्ही सगळे नुसत्या चिप्सवर, हरणाऱ्याने पुढच्या शनिवारचं जेवण द्यायचं अशा बोलीवर खेळलात, तर मला फार आवडेल.

राहिला गड्ड्याचा शनिवार. मोठा डाव म्हणता, पण ब्लाइंड ५-१० चेच आहेत, फक्त चिप्स २,००० च्या. खोल ढिगांच्या टेबलावर लांबच्या पानाला भाव मिळतो हे वर लिहिलंच, आणि तुम्ही नेमका तोच धागा धरून २,००० घेऊन बसाल अशी मला भीती आहे. पण तिथे टर्नची बेट २०० ची नाही, ६०० ची होऊ शकते. आजच्या सवयीने बसलात तर पाच-सहा शनिवारांची तूट एका रात्रीत होईल. जायचं असेल तर ५०० च घेऊन बसा, तशी मुभा मागा, मित्र आहेत, देतील. ५०० चा ढीग असला की पान लागूनही एकेकाकडून ५०० च्या वर काही निघू शकत नाही. मग शंभराच्या कॉलला अकरापट दिसण्याचा प्रसंगच क्वचित येईल, आणि मधली दश्शी हवी असलेली पानं आपोआप हातातून सुटतील. हातात मोठी जोडी, एक्का-राजा, किंवा एक्का आणि त्याच रंगाचं दुसरं पान, एवढंच खेळा, बाकी टाका. ते गेले तर पुन्हा चिप्स घेऊ नका. संध्याकाळी आधी पत्नी आणि मुलीला घेऊन होम मैदानावर जाऊन या, पाळण्यात बसा, आणि रात्री दहाला गच्चीवर जा.

रेघांची वही पुढच्या पत्रात पाठवा. शंभरांत किती दश्श्या आल्या ते मला बघायचंय.